सात नंबरची गुंडाळी

अण्णा, सकाळपासून चौथ्यांदा लिहायला बसलेय. दोन ओळी होतात, उठते, चहा ठेवते, तो उतू जातो, ओटा पुसते, परत येऊन बसते. तुम्ही गेल्याला आज अकरावा दिवस. या अकरा दिवसांत मी एका जागी धड टेकलेली नाही. घरमालकीण परवा विचारत होती, "विमल, पोटात दुखतंय का गं?" काय सांगू तिला? दुखतंय, पण पोटात नाही.

कारखानदार संघाच्या फळ्यावर 'अंबादास' हे तुमचं नाव खडूनं लिहिलंय. गोदामात किती वर्षं काढलीत, मागं कोण कोण आहे, शोकसभा किती वाजता, सगळं आहे. मी तीनदा वाचलं. 'मनमिळाऊ' आहे, 'कष्टाळू' आहे. 'प्रामाणिक' हा शब्द नाही. कुणी विसरलं असेल म्हणून परत एकदा वाचलं. विसरलेलं नाही अण्णा, टाळलंय. आणि ते का टाळलंय, हे आख्ख्या एमआयडीसीत मला एकटीला पक्कं ठाऊक आहे.

तेच तुम्हाला सांगायचंय. फार उशीर झालाय, कळतंय मला. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "बाई, सरळ बोला की, किती फेरं घालताय?" थांबा. सरळच बोलते.

मी बार्शीहून आले तेव्हा तुम्ही मला बघून हसला होतात. मॅट्रिक पास, टायपिंगची परीक्षा दिलेली, आणि पुण्याला चार दिवस राहून कोडिंग का काय ते शिकून आलेली पोरगी. संघात माल यायचा तो आसपासच्या कारखान्यांतून, टॉवेल आणि चादरी. तुम्ही तो गोदामात उतरवून घ्यायचात, त्याच्या गाठी बांधून व्यापाऱ्यांना पाठवायचात. पगार गोदामकीपरचा, पण रुबाब मालकाचा. आणि मी येऊन सांगतेय की पुण्यात खोलीएवढं मशीन आहे, आपण चौकोनाचौकोनांचे फॉर्म भरून पाठवायचे, तिथं त्याची भोकं पाडलेली कार्डं होतात, मग मशीन सांगतं आपल्याकडं कुठला माल किती शिल्लक आहे.

"म्हंजे माजं गोदाम मला पुण्याला इचारून कळणार व्हय?" तुम्ही म्हणालात, आणि हमाल पोटं धरून हसले. मला इतका राग आला! दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम तुमचं रजिस्टर मागून घेतलं.

अगं बाई गं, काय ते रजिस्टर! 'तीन गाठी आणि एक मोठी.' 'पाच बंडल, त्यात एक ढिलं.' 'चादर चाळीस.' चाळीस काय? नग का जोड्या? मी विचारलं तर तुम्ही चुन्याची डबी उघडत म्हणालात, "पांढऱ्या काठाच्या जोडीनं येत्यात, बाकीच्या सुट्ट्या. सगळ्यास्नी म्हाईत हाय." सगळ्यांना म्हणजे कुणाला? तुम्हाला! मी म्हटलं, "अण्णा, मशीनला 'एक मोठी' कळत नाही. एका चौकोनात एक आकडा. बास." तुम्ही म्हणालात, "मग मशीनला हितं आणा, मी शिकवतो."

तीन आठवडे आपलं हेच चाललं. मग तुम्ही पुतणीच्या लग्नाला दोन दिवस गेलात आणि मागं एका व्यापाऱ्याची चाळीस चादरींची मागणी आली. हमालांनी रजिस्टर बघितलं, 'चादर चाळीस' म्हणजे जोड्या धरल्या, आणि चाळीस जोड्या ट्रकवर चढल्या. माणूस भला म्हणून निम्म्या परत आल्या. तुम्ही परत आलात, ऐकून घेतलंत. मग माझ्या टेबलाशी येऊन म्हणालात, "बरं बाई. करा तुमचं कोष्टक. पन मोजताना मी हाय संगं."

तो महिना माझ्या आयुष्यातला चांगला महिना होता, अण्णा. हे मी तुम्हाला कधी म्हटलं नाही. आपण दोघं गोदामात खाली बसून एकेका कारखान्याचं बंडल सोडायचो. कुणाच्या बंडलात दहा, कुणाच्या बारा, एका महाभागाच्या बंडलात सोळा. ठरलं काय, तर गाठ लिहायची नाही, डझन लिहायचा नाही, जोडी लिहायची नाही. सगळं नगात. आणि कोष्टकात एकदाच लिहून ठेवायचं की कुठल्या कारखान्याचं बंडल म्हणजे किती नग. मी टॉवेल एकेक उचलून मोजायची. तुम्ही नाही. तुम्ही थप्पीच्या घडीवरून नुसता अंगठा फिरवायचात, ओठातल्या ओठात तेलुगूत, ओकटी, रेंडू, मूडू, आणि वर पोचलात की आकडा तयार. मी सबंध थप्पी उलटून मोजायची, आकडा तोच निघायचा. एकदा मध्येच मी काहीतरी विचारलं तर डोळे वटारलेत. मोजणी संपल्यावर म्हणालात, "मोजताना देव आला तरी थांबायचं."

आणि ती खोली. संघात बाईमाणसाला जायला जागा नव्हती. मी सकाळी पाणीच पीत नव्हते. हे मी कुणाला कशाला सांगू? तुम्ही स्वतःच ओळखलंत, साहेबांकडं गेलात, भांडलात, गोदामामागची पडकी मोरी दुरुस्त करून घेतलीत, कुलूप आणलंत आणि किल्ली माझ्या टेबलावर ठेवलीत. वर म्हणालात, "पानी पीत जावा. तोंड सुकलं की आकडं चुकत्यात." माझ्या सख्ख्या भावाला हे सुचलं नसतं. हे सगळं आठवतं आणि मग पुढचं आठवतं, आणि मी परत उठून येरझाऱ्या घालायला लागते.

पुढचं म्हणजे सात नंबरचा कारखाना.

त्यांचं बंडल सोडलं, मी मोजलं. तेरा. तुम्ही म्हणालात, "बारा." मी परत मोजलं. तेरा. तेव्हा तुम्ही बाहेरचा जाडाभरडा टॉवेल बाजूला ओढलात. "ह्यो गुंडाळीचा हाय. बाकीचे कागदात बांधत्यात, ह्ये लोक टावेलात बांधत्यात. परत जातोय त्यो. मालात धरू नका."

मी म्हटलं, "टॉवेल आहे ना?"

"हाय की."

"मग नग आहे. उद्या प्रत्येक कारखानदार म्हणेल आमचा अमुक धरू नका. नियम एक म्हणजे एक. जे बंडलात आहे ते सगळं नग."

"बाई, त्यो मालाला झाकायला येतोय. मानूस आला आनि त्येची पिशवी आली, तर दोन मानसं लिवता काय?"

मी हसले नाही. महिनाभर तुम्ही माझी टर उडवत होतात, त्याचा राग कुठंतरी शिल्लक होता. मी तुमच्यासमोर कोष्टकात ठसठशीत लिहिलं, सात नंबर, तेरा. तुम्ही मान हलवलीत आणि पुढचं बंडल ओढलंत.

बास, एवढंच झालं होतं. भांडण नाही, आवाज नाही.

सात नंबरचा माल रोज यायचा. बंडलं सुटायची, बारा टॉवेल गाठीत जायचे, गुंडाळीचा टॉवेल तुम्ही कोपऱ्यात टाकायचात, आणि सात नंबरची गाडी आली की ढीग तिच्यावर चढवायचात. चिठ्ठी नाही, पावती नाही. वर्षानुवर्षं तसंच चाललेलं. त्याच गुंडाळ्या नवा माल बांधून परत यायच्या. मशीनपुढं मात्र एकच टॉवेल शंभर वेळा आत यायचा आणि एकदाही बाहेर जायचा नाही. पाच महिन्यांनी पुण्याहून भोकाभोकांचा लांबलचक कागद आला आणि त्यावर सात नंबरचे शेकड्यांनी नग जास्त शिल्लक. साहेबांनी गोदाम मोजून घेतलं. तेवढे नग कमी. कागद खरा, गोदाम खोटं.

मग कुणीतरी सांगितलं की अंबादास चिठ्ठीशिवाय गाडीवर टॉवेल चढवतो, आम्ही डोळ्यांनी पाहिलंय.

साहेबांच्या खोलीत तुम्ही उभे, मी उभी. तुम्ही म्हणालात, "गुंडाळ्या परत देतोय साहेब, पयल्यापास्नं देतोय." साहेब माझ्याकडं वळले. "विमलबाई, गुंडाळीचा हिशोब कोष्टकात धरलेला आहे ना?"

तुम्हीही माझ्याकडं बघितलंत. अगदी निवांत. ही सांगेल आता, अशा नजरेनं.

मी म्हणाले, "मोजून लिहिलंय, साहेब."

खोटं नव्हतं ते. मोजूनच लिहिलं होतं. साहेबांनी त्याचा अर्थ हो असा घेतला आणि मी तो घेऊ दिला. त्या क्षणी मला कळलं होतं का? कळलं होतं. साहेबांचा प्रश्न पुरा व्हायच्या आत कळलं होतं. मी टेंपररी होते, महिन्याभरात कायम करायचं की घरी पाठवायचं ते ठरणार होतं. बार्शीत वडील अंथरुणाला खिळलेले, दोघं भाऊ शाळेत. कोष्टक चुकलं म्हणजे मी चुकले, मी चुकले म्हणजे बार्शीची गाडी. वाटलं, बाहेर जाऊन शांतपणे दुरुस्त करू, कागद आपोआप जुळेल, कुणाला काही कळणार नाही. तुम्हाला कोण चोर म्हणणार आहे? अण्णाला? शक्य आहे का!

दुसऱ्या दिवसापासून गेटवर तुमची झडती सुरू झाली. एकट्या तुमची. सहाचा भोंगा झाला की सगळे सायकली घेऊन बाहेर पडायचे आणि तुम्ही बाजूला उभे. वॉचमन डबा उघडायचा, पिशवी उलटी करायचा, अंग चाचपायचा. लोक सायकलचा वेग कमी करून बघायचे. मला कधीच कुणी थांबवलं नाही. मी खाली मान घालून तुमच्या शेजारून निघून जायची.

आणि मी ते केलं, अण्णा. पुढच्या फॉर्मात तेराचे बारा केले. गुपचूप. कुणाला न सांगता. पुढच्या महिन्याचा कागद आला, गोदामाशी ताडला, तर तूट वाढायची थांबलेली. साहेब कागद हातात घेऊन सगळ्यांसमोर म्हणाले, "बघा. झडती सुरू झाली आणि चोरी थांबली."

त्या दिवशी मी मोरीत जाऊन दार लावून बसले. माझ्या दुरुस्तीनं तुम्हाला पुरतं चोर करून टाकलं होतं. आता तोंड उघडायचं तर दोन चुका सांगायच्या होत्या, पहिली आणि तिच्याहून वाईट दुसरी. रोज ठरवायची, आज सांगायचं. रोज सहा वाजायचे. मला कायम केलं. पत्रात माझ्या नीटनेटक्या कोष्टकाचं कौतुक होतं. ते पत्र मी वडिलांना वाचून दाखवलं, अण्णा. ते रडले आनंदानं.

चार महिने तुम्ही ते सोसलंत. मग पाय दुखतात म्हणून काम सोडलंत. किल्ल्या द्यायला आलात तेव्हा मला वाटलं आता शिव्या देतील. द्यायला हव्या होत्या. तुम्ही उजव्या हाताचा अंगठा माझ्यापुढं धरलात, आणि म्हणालात, "तुमचं कोष्टक बरोबरच असंल, बाई. शिकलेली मानसं तुमी. माजाच अंगठा चुकला असंल कुटंतरी. वय झालं की बधिर हुतोय म्हनं."

मी काय म्हटलं माहीत आहे? मी म्हटलं, "काळजी घ्या, अण्णा."

काळजी घ्या!

तुम्हाला कुणी चोर म्हटलं ते तुम्ही झटकून टाकलं असतंत. पण तुम्ही स्वतःच्या मोजण्यावरच शंका घेऊन घरी गेलात. ते मी केलं.

नंतर तीन वर्षं मी कुंभारीला तुमच्या घरी येते येते म्हणत राहिले. एकदा स्टँडवर येऊन बसमध्ये बसलेसुद्धा, आणि सुटायच्या आधी उतरले. तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा आले. चार माणसांत बोलता आलं नाही, नुसती बसून निघून गेले. परवा परत आले. वहिनी दारात विड्या वळत बसल्या होत्या. मी जोत्यावर बसले आणि सगळं सांगून टाकलं, पहिल्यापासून. त्यांचे हात थांबले नाहीत. सगळं झाल्यावर त्यांनी एकच विचारलं.

"म्हंजे त्येंचं मोजनं बरोबर हुतं?"

"हो."

"बाराच हुतं?"

"बाराच होतं, वहिनी."

त्यांनी मांडीवरचं विड्यांचं सूप खाली ठेवलं. म्हणाल्या, "घरी बसल्यापास्नं माज्या इड्यांच्या जुड्या मोजायचे. जुडीत पंचवीसच इड्या असायच्या. तरी सोडायचे, परत मोजायचे. परत सोडायचे. जुड्या ढिल्या व्हायच्या, मला तितं कारखान्यात बोलनी बसायची. मी चिडायची त्येंच्यावर. लई बोलले मी त्येंना, लई." मग बराच वेळ त्या घरात आत बघून तेलुगूत काहीतरी बोलत होत्या. मला नाही कळलं, ते माझ्यासाठी नव्हतंच.

मी पाया पडायला वाकले तर पाय मागं घेतले. "मला सांगून काय उपेग? त्येंनी चोरी केली न्हाई, ह्ये मला म्हाईतच हुतं की. जितं त्येंचा डबा उघडला, तितं जाऊन सांग."

काल सहाला मी गेटवर गेले. भोंगा झाला, सायकली आल्या. मी वॉचमनच्या स्टुलाशेजारी उभी राहिले आणि ओरडले, "थांबा जरा!" पहिल्यांदा कुणी थांबलंच नाही. दुसऱ्यांदा ओरडले तेव्हा थांबले. सांगितलं. अंबादासअण्णांनी एकही टॉवेल नेला नाही. कोष्टकात मी तेरा लिहिलं, ते चूक होतं. अण्णांनी मला तेव्हाच सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. नंतर गुपचूप बारा केलं म्हणून तूट थांबली, झडतीनं नाही. सगळं सांगितलं, काही गाळलं नाही.

गर्दीतून कुणीतरी विचारलं, "मग तवाच का न्हाई बोललासा, बाई?"

मी म्हणाले, "नोकरी जाईल म्हणून."

कुणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं वाटलं असतं. एकेक जण सायकल ढकलत निघून गेला. वॉचमन तेवढा जागचा हलला नाही. "मी रोज डबा उघडायचो की त्येंचा," एवढंच तो परत परत म्हणत होता. साहेबांनी आज दुपारी बोलावलंय. लेखी मागतील, लिहून देईन. घरी जा म्हणतील, जाईन. त्याची आता भीती वाटत नाही, आणि तेव्हा तरी एवढी का वाटली, तेही सांगता येत नाही.

अण्णा, तुमचा अंगठा चुकला नव्हता. काल गेटवर शे-दीडशे माणसांना मी हे ओरडून सांगितलं. ज्या एकाला सांगायचं होतं, तो त्यांच्यात नव्हता.